फाट्यावरचा थांबा

रश्मी निमोण्याच्या बौद्धवस्तीतली सून. पुण्यात शिवाजीनगरजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात ती केसपेपरच्या खिडकीवर कामाला होती. सकाळी शिरूरहून सुटणाऱ्या जलद एसटी गाडीनं जायचं, संध्याकाळी तसल्याच गाडीनं परत यायचं, असं तिचं बरीच वर्षं चाललं होतं. पुण्यात खोली घेऊ, असं नवऱ्यानं, सुगतनं, एक-दोनदा सुचवून पाहिलं. पण सासूबाईंचं, विठाबाईंचं, डावं अंग लकव्यानं गेलेलं. सकाळी त्यांची कूस बदलून, अंग पुसून, चार घास भरवल्याशिवाय रश्मीचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. दिवसा शेजारची साखरबाई त्यांच्याकडं बघायची.

गाडी नावाला जलद. शिक्रापूर मागं पडलं की पुढं वाघोलीपर्यंत नुसतं सरकत जायचं. पण रोजच्या पासवाल्यांचं त्या गाडीत एक गावच वसलं होतं. कुणी कुठं बसायचं ते ठरलेलं. कुणाच्या घरी सोयरीक जमली की पेढे आधी गाडीत. परतताना बाया मांडीवर पिशव्या घेऊन मटार सोलत. आणि गाव म्हटलं की कारभारी आलाच. इथले कारभारी चांगदेव आप्पा. शिरूरजवळचे बागाईतदार, पुण्यात एका सहकारी संस्थेच्या कार्यालयात वरच्या खुर्चीवर. भांडण असो, वर्गणी असो, आप्पांचा शब्द चाले. रश्मीसाठी आपल्या पुढच्या बाकावर रुमाल टाकून ठेवायचेही तेच.

ड्रायव्हर नवनाथ दौंडचा. उंच, सावळा, कमी बोलणारा. सगळे त्याला मामा म्हणत. एकदा तिला सोडायला निघालेल्या सुगतची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली आणि स्टॅण्डवर पोचेपर्यंत बस सुटली. रश्मी तशीच मागं पळाली. तिची चप्पल तुटली, ती हातात घेऊन पळाली. नवनाथनं आरशात पाहिलं, गाडी थांबवली, आणि ती धापा टाकत चढल्यावर म्हणाला, "ताई, उद्यापासनं स्टॅण्डला येऊच नका. तुमच्या गावाचा रस्ता बायपासला लागतो ना, त्या फाट्यावर उभ्या ऱ्हावा. मी घेत जाईन."

"मामा, तिथं थांबा न्हाई."

"थांबा न्हाई, पण मी हाय की."

तेव्हापासून गाडी फाट्यावर थांबू लागली. शिरूर शहराचा फेरा वाचला. तेवढ्या वेळात सासूबाईंना घाई न करता भरवता येऊ लागलं. सुरुवातीला दोघा-चौघांनी कुरकुर केली. आप्पांनी त्यांना गप्प केलं, "घरात आजारी माणूस हाय बिचारीच्या. अर्ध्या मिनिटानं काय आभाळ कोसळतंय?"

त्या दिवशी पौषातली थंडी होती आणि घोड नदीकडून धुकं दाटून आलं होतं. सुगतनं तिला फाट्यावर सोडलं आणि तो रांजणगावला कामावर निघून गेला. समोरून दोन पिवळे डोळे येताना दिसले. रश्मीनं नेहमीसारखा हात केला. फाट्यापाशी रस्त्याला वळण आहे आणि कडेला चर खणलेला, त्यामुळं गाडी पुरती कडेला घेता येत नाही. निम्मी डांबरावरच राहते. नवनाथनं तशीच थांबवली. धोक्याचे चार दिवे चमकवायचे तेही केलं नाही. अर्ध्या मिनिटाचं तर काम.

रश्मीनं एक पाय पायरीवर ठेवला आणि मागून आवाज आला. पत्र्याचा. त्याच्या मागोमाग माणसाचा.

ती मागं धावली. एक स्कूटी गाडीच्या मागच्या कोपऱ्यात घुसली होती आणि स्कूटीखाली एक पोरगी होती. डोक्यावर हेल्मेट, अंगात कंपनीचा निळा शर्ट. उजवा पाय गुडघ्याखाली स्कूटी आणि बंपरच्या मध्ये चेंगरलेला. रश्मी खाली बसली. पोरीनं तिचा हात असा धरला की बांगडी फुटली.

"मावशी, माझा पाय कुठंय?"

"हाय, हाय. हितंच हाय. तू माझ्याकडं बघ."

पोरीचं नाव ऋतिका. शिरूरचीच, रांजणगावला एका कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेली. कंपनीची बस चुकली म्हणून स्कूटी काढली होती. भाजीच्या एका टेम्पोवाल्यानं कोबीची पोती उतरवून जागा केली आणि तिला त्यात घालून नेलं. रश्मी मागं राहिली. पदराला रक्त, हातात बांगडीची काच खुपलेली.

पोलीस आले. नवनाथ गाडीच्या दाराला टेकून उभा होता. हवालदारानं विचारलं, "इथं गाडी कशी काय उभी केली? इथं थांबा नाही."

नवनाथ सरळ उभा राहिला. तेवढ्यात चांगदेव आप्पा पुढं झाले. "साहेब, गाडी बंद पडली. इंजिन गरम झालं. आम्ही सगळे गाडीतच होतो, विचारा कुणालाही."

कुणी हो म्हटलं, कुणी मान हलवली. हवालदारानं लिहून घेतलं. रश्मीकडं कुणी पाहिलं नाही, आणि तीही बोलली नाही. मागून दुसरी गाडी आली, तिच्यात सगळे चढले. आप्पांनी तिच्यासाठी तिथंही जागा धरली होती.

पुढच्या दिवसापासून ती पुन्हा स्टॅण्डवर जाऊ लागली. फाट्याचं नाव कुणी काढत नसे. पण गोष्ट मात्र गाडीत रोज थोडी थोडी वाढत होती. पोरगी भरधाव होती. मग पोरीच्या कानात वायरी होत्या. मग ती व्हिडिओ कॉलवर होती. सांगणारे आपण खोटं बोलतोय असं मानतही नव्हते. पाठीमागच्या बाकावरून ऐकलेलं पुढच्या बाकावर खरं होत होतं. पोरीच्या कानात काही नव्हतं. हेल्मेट रश्मीनंच आपल्या हातानं काढलं होतं.

आठवडाभरानं ती ऋतिकाला पाहायला गेली. पुण्यातल्याच एका इस्पितळात होती. पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. तिचे वडील हौसराव दारातच भेटले आणि रश्मीनं आपण कोण ते सांगताच त्यांनी हात जोडले. "बाई, तुमीच व्हता व्हय तिच्यापाशी? पोरगी सारखी तुमचंच नाव काढतीय. देवासारख्या आलात."

रश्मीला तिथून पळून जावंसं वाटलं. पण ती आत गेली.

ऋतिका भिंतीकडं तोंड करून पडली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, एक विचारू? माझ्या कानात हेडफोन व्हतं का?"

"कोण म्हणतं?"

"समदेच. कंपनीतल्या मैत्रिणी म्हणत्यात, तुज्याच चुकीनं झालं. मला कायबी आठवत न्हाई. म्हंजी आसतीलबी. मी आईकते ना कवाकवा गाणी. आता मलाबी वाटाय लागलंय, आसतीलच."

हौसराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांनीही ते मानून टाकलं होतं, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

त्या संध्याकाळी रश्मी परतीच्या गाडीत डोळे मिटून बसली, पण झोप कुठली. पाय गेला तो गेलाच. पण बसमधली इतकी जाणती माणसं मिळून त्या पोरीला तिच्याच मनात गुन्हेगार करून बसली होती, आणि रश्मी त्यांच्यात होती.

घरी तिनं पोलिसांना खरं सांगायचं काढलं, तेव्हा सुगत म्हणाला, "सांगितलंस तर मामाची नोकरी जाईल. आन् त्यानं कुणासाठी थांबवली व्हती गाडी?"

"माझ्यासाठी. म्हणून तर."

"मग?"

ती सासूबाईंची कूस बदलायला उठली. 

नवनाथला आधी सांगायचं, परस्पर करायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. तो स्टॅण्डच्या टपरीपाशी चहा घेत उभा होता. तिचं बोलणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. चहा तसाच राहिला.

"ताई, माझी सर्व्हिस थोडी राह्यलीय. पोरगा अजून शिकतोय." त्यानं कप खाली ठेवला. "मी तुमच्यासाठी थांबत व्हतो. माझा त्यात काय फायदा व्हता का?"

"न्हाई मामा. कायबी न्हाई."

"रात्री मलाबी झोप न्हाई. डोळं मिटलं की ती पोरगी वरडती. पण म्हणून समद्यांनीच बुडायचं का?"

त्याचं काही चुकत नव्हतं, हाच पेच होता. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर तिला सोपं गेलं असतं.

चांगदेव आप्पांच्या कानावर गेलं तेव्हा मात्र त्यांनी भर गाडीत विचारलं. "रश्मीताई, ऐकतोय ते खरं हाय का? ज्यानं तुम्हाला रोज दारात उतरवल्यासारखं नेलं, त्याच्याच पोटावर पाय देताय? उपकाराची फेड आशी करत्यात?"

"आप्पा, त्या पोरीच्या कानात काय नव्हतं. तुम्हालाबी म्हाईत हाय."

आप्पांचा चेहरा उतरला. मग ते खिडकीकडं वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "तुमच्या लोकांना कायद्याची लई हौस. माणुसकी कळत न्हाई."

गाडी चालत राहिली. मटार सोलणाऱ्या बायांचे हात थांबले होते, पण एकीनंही तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं होतं. 'तुमच्या लोकांना' हा शब्द त्या गाडीत तिनं पहिल्यांदाच ऐकला, आणि तो आप्पांच्या तोंडात किती तयार होता, याचंच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि सुगतला घेऊन पोलिसांकडं गेली. जे झालं ते सांगितलं. गाडी बंद पडली नव्हती. माझ्यासाठी थांबली होती, रोज थांबायची. दिवे चमकत नव्हते. मी त्या दिवशी गप्प बसले. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "तुम्हाला कुणी दबाव आणला होता का?" ती म्हणाली, "न्हाई. मीच बोलले न्हाई."

तिथून ती थेट हौसरावांच्या घरी गेली. ऋतिकाला तोवर घरी आणलं होतं. रश्मीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हौसराव ऐकताना हळूहळू उठून उभे राहिले.

"म्हंजी तुमच्यापायी झालं."

"व्हय."

"आन् मी तुम्हाला हात जोडलं." त्यांनी दाराकडं बोट केलं. "जावा तुम्ही. माझ्या दारात उभं ऱ्हाऊ नका."

रश्मी वळली. आतून ऋतिकाचा आवाज आला, "आबा, थांबा. बाई, म्हंजी माझ्या कानात काय नव्हतंच ना?"

"न्हाई बाळा. तू नीट चालली व्हतीस. हेल्मेट मी काढलं, कानात काय नव्हतं."

आत पोरगी हुंदके देऊन रडू लागली. रश्मी बाहेर रस्त्यावर आली तरी तो आवाज येत होता.

नवनाथला निलंबित केलं. चौकशी लागली. गाडीवर नवा ड्रायव्हर आला. तो फक्त थांब्यावर थांबायचा, आणि ते बरोबरच होतं. आप्पांनी रुमाल टाकणं बंद केलं. रश्मी चढली की बोलणी बारीक होत. तिनं एक-दोनदा स्वतःहून विषय काढून पाहिला, उत्तरं 'हं' आणि 'बघू'वर संपली. मग ती पुण्यापर्यंत बहुतेक वेळ उभीच राहू लागली. साध्या, सगळीकडं थांबणाऱ्या गाडीनं जावं, असं तिच्या मनात आलं. पण त्या गाडीनं कामावर उशीर व्हायचा, आणि लपून का जायचं, हेही होतंच. घरी सासूबाईंचं आवरायला आता पूर्वीपेक्षा लवकर उठावं लागे. एकदा घाईत घास मोठा झाला आणि त्यांना ठसका लागला. त्या सावरेपर्यंत रश्मी पाठीवर हात फिरवत बसली, आणि त्या दिवशी गाडी चुकली.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी स्टॅण्डवर तिला हौसराव दिसले. शेजारी ऋतिका, दोन्ही काखेत कुबड्या. पुण्याला कृत्रिम पायाचं माप द्यायला निघाली होती. हौसरावांनी रश्मीला पाहून न पाहिल्यासारखं केलं. गाडीची पायरी उंच. रश्मी नकळत पुढं झाली.

"नको," ऋतिका म्हणाली. "चढते मी."

तिला वेळ लागला. मागं रांग खोळंबली. कंडक्टरनं घंटी मारली नाही. ती चढली, पुढच्या बाकावर बसली, हौसराव तिच्या शेजारी. चांगदेव आप्पा पलीकडच्या खिडकीत होते. त्यांनी मांडीवरचा पेपर उघडला आणि त्याचं पान खूप वेळ उलटलंच नाही.

रश्मी दांडीला धरून उभी होती. रांजणगाव गेलं, शिक्रापूर गेलं. वाघोलीच्या अलीकडं गाडी नेहमीसारखी अडकली. हौसरावांचा डोळा लागला. ऋतिकानं मान वर केली.

"बाई, त्या ड्रायव्हरमामांचं काय झालं?"

"अजून घरीच हायेत. चौकशी चालूय."

"परत घेत्याल?"

"म्हाईत न्हाई. गाडी देणार न्हाईत म्हणत्यात. वर्कशॉपला वगैरे देतील, दिलं तर."

ऋतिकानं सरकणाऱ्या कुबड्या सावरल्या.

"मला त्यांचा राग येतो," ती म्हणाली. "तुमचाबी येतो. रोज येतो." मग आवाज खाली आणून, "पण घरात बसून माणूस सडतंय बाई. ते मला म्हाईत हाय. त्यांना कायतरी काम द्याय पायजे."

 रश्मीनं मान हलवली. पलीकडं आप्पांनी पेपर घडी करून पिशवीत घातला आणि ते बाहेर बघत राहिले. गाडी सुटली, परत अडली, परत सुटली. शिवाजीनगरला हौसरावांनी आधी कुबड्या खाली दिल्या, मग लेकीला उतरवून घेतलं. रश्मी सगळ्यांत शेवटी उतरली. ते दोघं रिक्षाच्या रांगेकडं चालले होते, फार सावकाश. रश्मी काही पावलं त्यांच्या मागं गेली, थांबली, आणि मग दवाखान्याच्या दिशेनं वळली. खिडकीपुढं एव्हाना पेशंटांची रांग लागलेली असणार होती.