सत्तेचाळिसावं गुणसूत्र

वैभव गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती इतरांना द्यायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी चारच्या सुमारास आई त्याला ताक पाजत होती, त्याने मान वळवली आणि… संपलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी फोन करत बसले. जो तो एकच वाक्य ऐकवत होता, "सुटला बिचारा." मी मुळात तापट. चौथ्या-पाचव्या वेळी एका काकांना म्हटलंच, "कशातून सुटला? तो काही अडकून पडला नव्हता." शेवटचा फोन गौरी मॅडमना केला. त्या दूरच्या एका शहरात प्रयोगशाळेत काम करतात. वैभवची आणि त्यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही, पण त्याच्या शरीरातल्या पेशी चार वर्षं त्यांच्याकडे वाढत होत्या. बातमी ऐकून त्या म्हणाल्या, "ताई, आज सकाळीच मी त्याच्या पेशींना खायला घातलं हो…" तोवर कोरडी राहिलेली मी तेव्हा रडले.

माझा हा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. पाच वर्षांचा असताना जिना चढताना तो गुडघ्यांवर हात टेकायचा आणि मी त्याला 'म्हातारबुवा' म्हणून चिडवायचे. त्याची मला आजही लाज वाटते. मग रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी त्या हात टेकण्याला नाव दिलं. ड्युशेन, स्नायूंचा आजार. स्नायूंना धरून ठेवणारं एक प्रथिन त्याच्या शरीरात बनतच नव्हतं, कारण ते बनवणाऱ्या जनुकाचा मोठा भाग जन्मापासूनच गायब होता. हे आईकडून मुलाकडे येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि यात आईची काही चूक नसते, असंही अगदी समजुतीने सांगितलं. आईने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी आणलं. बाबा होते तोवर ते त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायचे. ते गेल्यावर चाकांची खुर्ची आली. आईने मनातलं कधी बोलून दाखवलं नाही. एकदाच, सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडता निवडता मला म्हणाली, "तुह्यात बी असन का वं ते?" मी अजून तपासणी केलेली नाही. लग्नही केलं नाही, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं मी लोकांना सांगत असते.

कॉलेजचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर होते, म्हणून वैभव घरीच शिकला. मी ग्रंथालयात नोकरीला. त्याच्यासाठी लेख छापून आणायचे आणि तो ते भिंतीला टेकवलेल्या फळीवर ठेवून एका बोटाने पानं उलटत वाचायचा. नंतर नंतर ते बोटही दमायला लागलं, मग पानं मी उलटायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. "काय वाचून राहिला बे एवढं?" असं मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाला, "पाह्य वं ताई. पेशीत जनुक पोचवाचा तं विषाणूवर लादून पाठवतेत. विषाणू म्हंजे सायकल. अन् माह्या आजाराचा जनुक माणसातला सगळ्यात मोठा. कळमन्याच्या बाजारातला अख्खा माल कोनी सायकलच्या कॅरिअरवर बांधते का? मंग कापून-कुपून छोटा करतेत. छोटा तं छोटंच काम करन ना?"

"आणि ती कात्री म्हणतात ती? जनुकाची चूक कापून दुरुस्त करणारी?" मी विचारलं.

"थे बी चालते. फाटलेलं पान शिवता येते. माह्यं तं पानच नाही ना. म्हनून ट्रकच आनाचा. छोटंसं गुणसूत्र हातानंच बनवाचं, त्याच्यावर पूर्ण जनुक बसते. पेशीत सोडलं का आपल्या शेहेचाळीस गुणसूत्रांच्या संगं सत्तेचाळिसावं म्हनून राहते."

हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळायचा, जणू तो ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभाच आहे. मला ते बघवायचं नाही. मी उठून उगीच भांडी आवरायला जायचे.

गौरी मॅडमना त्याने स्वतःच पत्र लिहिलं होतं. त्या हेच काम करत होत्या. पुढे इथल्याच दवाखान्यात त्याच्या दंडाची मसुराएवढी कातडी काढली गेली आणि बर्फाच्या डब्यातून त्यांच्याकडे गेली. त्या पेशींना त्यांनी उलट वळवून, जिच्यातून पुढे कोणतीही पेशी घडू शकते अशा तान्ह्या अवस्थेत नेलं आणि मग त्यांच्यात ते हाताने घडवलेलं गुणसूत्र सोडायला लागल्या. दीड-दोन वर्षं जमेना. दर वेळी त्या ओशाळून फोन करायच्या आणि वैभवच त्यांना धीर द्यायचा. तान्ह्या पेशींना रोज ताजं खाद्य घालावं लागतं, त्या रविवारही ओळखत नाहीत, असं मॅडम बोलता बोलता म्हणाल्या. ते आईने ऐकलं आणि दिवाळीला चिवड्याचा डबा थेट प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवून दिला. वैभव हसून हसून धापा टाकायला लागला. "आई, पेशी चिवडा खात नाहीत वं!" डबा तिथल्या विद्यार्थ्यांनी संपवला हे कळल्यावर आई शांतपणे म्हणाली, "खाल्ला ना कोनीतरी. झालं मंग."

आणि एका सकाळी जमलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र आमच्या फोनवर दाखवलं. ज्या पेशीत ते नवं गुणसूत्र राहिलं ती हिरवी चमकावी, अशी त्यावर खूण केलेली होती. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपकेच ठिपके. त्या पेशींपासून पुढे स्नायू घडवले, तर त्यांत ते प्रथिनही बनलं. वैभवच्या अंगात जन्मापासून कधी न बनलेलं प्रथिन. त्याने विचारलं, "मस्त दिसून राहिलो ना मी?"

फोन बंद झाल्यावर मात्र मला जवळ बोलावून म्हणाला, "ताई, मले नाही लागनार हे. माणसाच्या अंगात जाले अजून लय वर्षं हायेत, अन् माह्या छातीत तेवढा टाइम नाही. पन ते बंद नको होऊ देजो." मी त्याला रागावले. काहीबाही बोलू नकोस म्हटलं. हो म्हणायचं राहूनच गेलं.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही मागे सरकतो न सरकतो तोच. भटजी खूश, मामा खूश. पोराचं काही मागे राहिलं नाही म्हणाले. घरी येताना रिक्षात आई एकदम हुंदके द्यायला लागली. "काहीच राहिलं नाही म्हंते त्याचं. असं कसं? सत्तावीस वर्षांच्या पोराचं काहीच कसं राहिलं नाही?"

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं. वैभवची संमती त्याच्या हयातीपुरती होती. पुढे पेशी ठेवायच्या तर वारस म्हणून आईची सही हवी, नाहीतर नियमाप्रमाणे त्या नष्ट करणार. मी पेन घेऊन आईसमोर बसले. ती म्हणाली, "नाही. लय टोचलं त्याले जन्मभर. आता तिथं एकट्याले कशाले ठेवतं? मोकळा होऊ दे."

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची शेवटची इच्छा तू मोडतेस, इतपत बोलले. खरं म्हणजे मला त्याची इच्छा तेवढी सांभाळायची नव्हती. मला तो हवा होता. संध्याकाळी घरी आल्यावर "काहून उशीर केला वं" म्हणणारा, मी न विचारता शास्त्र शिकवणारा माझा भाऊ मला हवा होता, आणि या पृथ्वीवर त्याचं जिवंत असं काही उरलं असेल तर ते त्या काचेच्या बशीत होतं. ते जाऊ द्यायला मी तयार नव्हते. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच म्हटलं, "मॅडमले लाव."

फोन तिने दोन्ही हातांनी धरला होता. "मॅडम, मले त्यातलं समजत नाही. एकच सांगा. माह्याकडून त्याले जे द्याचं राहिलं होतं… ते भेटलं का त्याले?"

"हो काकू. मिळालं. पूर्ण मिळालं."

"टिकून हाय?"

"आहे काकू. एका पेशीच्या दोन होतात, तेव्हा ती दोघींनाही देते."

आईने डोळे मिटले. मग विचारलं, "कितीक वाजता खायले देता?"

"सकाळी अकराला. रविवारीसुद्धा."

आईने सही केली, चष्मा न लावता, रेघेच्या खाली.

वैभवचं पोट भरल्याशिवाय आई कधी जेवली नाही. तो गेल्यापासून पानावर कधी बसायचं तेच तिला कळत नव्हतं. दुपारचे तीन व्हायचे, चार व्हायचे, मी ओरडले की कशीतरी चार घास गिळायची. आता अकरा वाजले की ती घड्याळाकडे बघते, "झालं असन त्याचं" म्हणते आणि स्वतःचं ताट वाढून घेते. बऱ्याचशा पेशी आता गोठवून ठेवल्या आहेत आणि गोठलेल्या पेशी काही खात नाहीत, हे मॅडमनी मला सांगितलंय. आईला मी ते सांगितलेलं नाही. रविवारी मी घरी असते. अकराला मीही तिच्या शेजारी माझं ताट मांडते.