कानात न सांगितलेलं नाव

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात एका गृहस्थांना त्यांच्या मुलीच्या दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून देत होते. सकाळचे अकरा वाजले होते. धाकटा भाऊ निखिल एवढंच म्हणाला, "ताई, आई गेली. चहा पीत होती..." मी समोरचा अर्ज पूर्ण केला, शिक्का मारला आणि मग पर्स उचलली. याला कोणी कोरडेपणा म्हणेल. आईने म्हटलं नसतं. ती तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. हातातलं कनेक्शन जोडून दिल्याशिवाय तिने कधी खुर्ची सोडली नाही.

आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, हालहाल न होता गेल्या, सुटल्या. ती सुटली हे खरं. मी मात्र एका गोष्टीत अडकून राहिले आहे, आणि ती सांगितल्याशिवाय आईबद्दल दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल.

चार वर्षांपूर्वी निखिलला मुलगी झाली. त्याचं लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. तो आणि त्याची बायको केतकी धायरीला राहतात, आई त्यांच्याकडेच असायची. मी येरवड्याला. बाळाचं नाव दोघांनी आधीच ठरवलं होतं, मायरा. शाळेत नावं लिहिण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला गप्प बसवलं नाही. मी म्हटलं, "आमच्या शिशुवर्गात चार मायरा आहेत. बाईंनी हाक मारली की चौघी उठतात." केतकी हडपसरला आयटीत आहे, पण जीभ अस्सल पेठेतली. म्हणाली, "मग पाचवी उठली तर बाईंना काय जड जाणार आहे, ताई?" विषय तिथेच संपायला हवा होता. पण आईने ताटातून मान वर केली आणि म्हणाली, "द्वारका ठेवा."

आईला तेव्हाच ऐकू कमी यायला लागलं होतं. कानाचं यंत्र खणात आणि आई मोठ्या आवाजात, अशी व्यवस्था होती. त्यामुळे ती जे बोलली ते जिन्यापर्यंत गेलं असणार. निखिल हसून म्हणाला, "आई, ते सोसायटीचं नाव वाटतं गं. समोरच आहे बघ, द्वारका, बी विंग." केतकी म्हणाली, "शाळेत मुलं चिडवतील तिला." केतकीची आई बाळंतपणासाठी आलेली होती, तिने जरा घाबरतच सांगितलं, "शिवाय ते तुमचं माहेरचं नाव ना हो विहीणबाई? जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत."

"जिवंत कुठे आहे?" आई म्हणाली. "द्वारका लग्नाच्या दिवशीच गेली. दुपारी साडेबाराला."

सगळे हसले. मीही हसले. आई हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

आम्ही तिला शुभांगी म्हणूनच ओळखत होतो. रेशनकार्डावर, पेन्शनच्या कागदांवर, दारावरच्या पाटीवर शुभांगी. लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत तेव्हा सरसकट होती आणि द्वारका हे नाव तेव्हाही जुनाट वाटायचं. पुढच्या रविवारी ती मला तुळशीबागेत घेऊन गेली, बारशासाठी काही घ्यायचंय म्हणून, तेव्हा रिक्षात तिने मला त्या दुपारची गोष्ट सांगितली. गुरुजींनी तबकात तांदूळ पसरले. बाबांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं. "मी समोर बसले होते ना, मला उलटं दिसत होतं. वाचताच येईना. शेवटी शेजारच्या बाईने सांगितलं, अगं, तू आता शुभांगी झालीस. सगळ्यांना पेढे वाटले." मी विचारलं, "तुला आवडलं नव्हतं का ते नाव?" ती म्हणाली, "नावात वाईट काही नव्हतं. पण कोणी विचारलंच नाही. माझी आई होती तोवर ती चोरून म्हणायची, द्वारके. ती गेली, मग कोणीच नाही."

तुळशीबागेत तिने स्टीलची एक वाटी घेतली. मी म्हटलं, आजी आहेस, चांदीची तरी घे. तर म्हणाली, "चांदीची कपाटात जाते. ही रोज ताटात येईल." भांडीवाल्याने मशीन लावून तिथल्या तिथे नाव घातलं. मोठा कर्कश आवाज होता, पण आई वाटीवर वाकून उभी राहिली होती. काठाखाली लिहिलं, 'चि. द्वारका हिस आजीकडून'. मी म्हटलं, "आई, नाव मायरा ठरलंय." तिने वाटी रुमालात गुंडाळली. "कागदावर त्यांना काय हवं ते लिहू दे. कानात नाव आत्या सांगते. आत्या तू आहेस. तू द्वारका सांग, म्हणजे झालं." आणि पुढे, आयुष्यात पहिल्यांदाच मला विनवून म्हणाली, "एवढं कर गं." मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात निखिलचा फोन आला. "ताई, आईने तुझ्या डोक्यात काहीतरी भरवलं असणार, मला माहीत आहे. केतकीला फार लागेल. नऊ महिने तिने त्या नावाने पोटातल्या बाळाशी गप्पा मारल्यात. तू फक्त मायरा म्हण. प्रॉमिस?" मी त्यालाही हो म्हटलं. मला त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. कानात सांगितलेलं कोणाला ऐकू येतं? बाळाला काही कळत नाही. दोघांनाही वाटेल आपलं ऐकलं. शाळेच्या ऑफिसात मी असे तंटे रोज मिटवते.

बारसं सिंहगड रोडवरच्या एका हॉलमध्ये झालं. फुग्यांवर मायरा, केकवर मायरा. पाळण्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला फोन धरून निखिल, व्हिडिओ चालू. मी बाळाच्या कानाशी वाकले. बायकांनी पद्धतीप्रमाणे माझ्या पाठीत बुक्के घालायला सुरुवात केली, "सांग, सांग, नाव सांग!" आणि माझं तोंड बंद झालं. एक नाव घेतलं असतं तर दुसऱ्याशी खोटी ठरले असते, आणि हे मला अगदी तिथे, त्या इवल्याशा कानाजवळ पोचल्यावर कळलं. मी मोठ्याने "कुर्रर्र" म्हटलं. पुढे काहीच म्हटलं नाही. पदर तोंडापुढे धरून दोन क्षण तशीच थांबले आणि उठले. टाळ्या झाल्या. आईने डोळे पुसले. निखिलने अंगठा वर करून दाखवला.

त्या दिवसापासून त्या घरात एका मुलीची दोन नावं झाली. जन्मदाखल्यावर मायरा, आणि आईच्या तोंडी द्वारका. आईचा आवाज मोठा, त्यामुळे गॅलरीतून "द्वारके, वर ये!" अशी हाक गेली की वॉचमनपासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना तेच नाव पाठ झालं. केतकीने बरेच महिने सोसलं आणि मग एकदा स्पष्ट म्हणाली, "आई, तिला गोंधळायला होतं." आईने शांतपणे उत्तर दिलं, "आता माझ्या हातात काय आहे? तिच्या आत्याने कानात सांगितलंय."

केतकीने मला ऑफिसात फोन केला. "ताई, खरं काय ते सांगा. तुम्ही काय सांगितलं होतंत?" मी म्हटलं, "मायरा." खरं बोलले असते तर आईची चारचौघांतली बाजू पडली असती. आईपुढे खरं बोलले असते तर... ते मला करवलंच नाही. त्यानंतर मी धायरीला जाणं कमी केलं. कामं असायचीच, परीक्षा, प्रवेश, दाखले. पण खरं कारण हे की त्या घरात दोघी माझ्याकडे भरवशाने बघायच्या, आणि दोघींच्या मधे उभं राहायला मला जागा नव्हती. वर्षातून एकदा येणारा पाहुणा जसा चहा पिऊन घड्याळ बघतो तशी मी आईच्या खोलीत बसायचे.

पोरीला मात्र काही गोंधळ झाला नाही. आईबाबांनी मायरा म्हटलं की ती यायची, आजीने द्वारका म्हटलं की यायची. आजी वाटीत वरणभात कालवायची, ती समोर मांडी घालून बसायची. तिसरं कोणी गमतीने द्वारका म्हणालं तर ढुंकून बघायची नाही.

आई जाण्याच्या तीन आठवडे आधी मी गेले होते. दुपारची वेळ, ती गॅलरीत मटार सोलत होती. मीही सोलायला बसले. अर्ध्या शेंगा तिने सोलल्या. मग एकदम म्हणाली, "तू कानात सांगितलंस ना तेव्हा, तेव्हा ती हसली होती का गं?"

मला ऐकू आलं नाही असं दाखवायची सोय नव्हती. तो तिचा हक्क होता. तिला सांगता आलं असतं, आई, मी नावच घेतलं नाही. ती रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, किंवा तिसऱ्या दिवशी स्वतःच नातीच्या कानात सांगून मोकळी झाली असती. काम उरकून टाकणारी बाई होती ती. पण मी तिच्याकडे तोंड करून, तिला नीट कळेल असं म्हटलं, "हसली."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि शेंगांचं टोपलं माझ्याकडे सरकवलं.

तेरावा झाल्यावर मी निखिल आणि केतकीला बसवून सगळं सांगितलं. निखिल म्हणाला, "म्हणजे मायराही नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "नाही." तो उठून गॅलरीत गेला. केतकी बराच वेळ टेबलावरचा एक डाग नखाने खरवडत बसली. मग म्हणाली, "चार वर्षं मी त्यांच्याशी भांडत होते ताई. आणि त्यांना खरंच वाटत होतं, आत्याने सांगितलंय, माझ्या हातात काय आहे."  माफी तिनेही मागितली नाही, मीही नाही. केतकी म्हणाली, "मग जागा रिकामीच आहे म्हणायची अजून. सांगून टाका आता. माझी हरकत नाही."

पोरगी स्वयंपाकघरात जेवत होती, वरणभात, त्याच वाटीत. मी तिच्याजवळ बसले, कानाशी वाकले आणि म्हटलं, "द्वारका." तिने खांद्याने कान पुसला. "तू नको म्हणू," ती म्हणाली. "ते आजीचं आहे." आणि पुढचा घास घेतला. मी वाटी रिकामी होईपर्यंत बसून राहिले. दुसरं काय करणार होते.

हल्ली मी दर रविवारी जाते. जेवणं झाली की भांडी मीच घासते, केतकी नको म्हणते तरी. वाटीवर चरे पुष्कळ पडले आहेत, पण अक्षरं खोल गेली आहेत, ती तशीच आहेत. पोरीला अजून वाचता येत नाही, नुसतं बोट फिरवते. जूनमध्ये ती आमच्याच शाळेत यायची आहे, दिवाळीपर्यंत अक्षरं जुळवायला लागेल. मग एखाद्या रविवारी ती काठाखालचं नाव वाचेल आणि मला विचारेल, आत्या, माझ्या कानात तू काय सांगितलं होतंस? काय उत्तर द्यायचं ते माझं ठरलेलं नाही. एवढंच माहीत आहे की पदराआड काही लपणार नाही. हिचे कान चांगले तिखट आहेत.