ब्लँकेटं मोजणारे हवालदारकाका

भाईंदरजवळच्या हाटकेशमधल्या आमच्या सोसायटीत मराठी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच, म्हणून सगळे मला 'बीए' म्हणत. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. ती हाक मला फार आवडायची. नोटिसा, अर्ज, सगळं लिहायला माझ्याकडे यायचं.

शेजारी हवालदारकाका राहत. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. पाण्याचा टँकर आला की काकूंनी तीनदा हाक मारल्याशिवाय ते कळशी घेऊन उठत नसत. काकू सगळ्यांना सांगायच्या, "एकाहत्तरच्या लढाईत आमचे हे स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजत होते. देवाची कृपा!"

नव्वदच्या सुमाराला एकदा काकांचा जुना सोबती त्यांना भेटायला आला. काका-काकू भाईंदरला बाजारात गेलेले. तो जिन्यात बसला आणि त्याने सेक्रेटरीला आणि मला वेगळंच सांगितलं. काका फौजेत टेलिफोनच्या तारा सांभाळायचे. शत्रूच्या हल्ल्यात तोफगोळ्यांनी पुढच्या चौकीची तार तुटली. तार नाही तर नेम कुठे धरायचा, हे मागच्या आपल्या तोफांना कळणार नव्हतं. काका पक्कड घेऊन बाहेर पडले. तार मुठीतून सरकवत तुटकं टोक शोधलं, जोडलं. पुन्हा तुटली, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला गोळ्याचा तुकडा खांद्यात घुसला, तरी तार जोडूनच परतले. चौकी टिकली.

सेक्रेटरी म्हणाला, "बीए, छब्बीस जनवरीला काकाचा सत्कार करू. एक फर्स्ट क्लास मानपत्र लिही."

मी दोन दिवस खपून लिहिलं: 'रणांगणी सिंहासम गर्जना करीत...' काकू वाण्याकडे गेल्या होत्या तेव्हा काकांना वाचून दाखवलं. त्यांनी उठून आधी दार लावलं.

"अरे बीए, हिला यातलं कायच माहीत नाही. तेव्हा पोटुशी होती ती. मी पत्रात ब्लँकेटं लिहिली. पुढं सांगायचं राहूनच गेलं. खांद्यावर पेटी पडली म्हणून सांगितलंय. वीस वर्षं त्या पेटीला शिव्या घालतेय ती!"

"मग सत्कार रद्द करायला सांगू?"

काकांनी पक्कड धरल्यासारखी मूठ आवळली. "नको. आता नाही सांगितलं तर कधीच नाही. पण ते सिंह-बिंह काढ. गर्जना कसली? दात वाजत होते माझे. भ्यालो होतो, तेही लिही. ती विचारणारच."

मी सिंह काढला. मानपत्र अर्ध्यावर आलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी ते वाचायला लागलो. पहिल्या रांगेतून काकू हसून म्हणाल्या, "अरं, दुसऱ्या कुणाचं वाचतोयस!" खांद्याचं वाक्य आलं तशा त्या मानपत्र संपायच्या आत उठून घरी गेल्या.

"काका, जाओ," सेक्रेटरी म्हणाला, "असली लढाई तर आता आहे!" सगळे हसले. काका हसले नाहीत. शाल-नारळासकट त्यांनी माझा हात धरला. "चल बीए. एकट्याला जमायचं नाही."

काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. वळल्या नाहीत. "वाच परत."

मी वाचलं.

"तिसऱ्यांदा जा म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," काका म्हणाले.

"तसंच गेलात?"

"तसंच."

काकू जवळ आल्या. शालीवरून त्यांनी तो खांदा चाचपला, पदराने डोळे पुसले. तेवढ्यात खाली टँकरचा भोंगा वाजला. काकूंनी कळशी उचलून काकांच्या हातात कोंबली.

"न सांगता जाता येतं ना तुम्हाला? आणि वीस वर्षं मी मेली घसा फोडतेय!"

काका नव्या शालीसकट जिना उतरले. त्यांचा नारळ ओट्यावर ठेवून मीही माझी बादली आणायला पळालो.