आत्यानं खूण कुठं ठेवली होती

आत्या गेल्याचं मला अप्पांच्या आधी मोबाइलनं कळवलं. गिंडीच्या ऑफिसात मीटिंग चालू होती, स्क्रीनवर एक फोटो आला. निळ्या ट्रॅकसूटमधल्या चार मुली, एकीच्या चेहऱ्याभोवती पांढरं वर्तुळ आणि खाली इंग्रजीत, ‘आमची रिलेतली बहीण आज आम्हाला सोडून गेली.’ पाठवणारी सेल्वी. अप्पांचा फोन त्यानंतर आला. ते फक्त म्हणाले, “अंबत्तूरला ये, हॉस्पिटलात.” सेल्वीला हॉस्पिटलमधून कुणी कळवलं, आणि अप्पा अजून आत्याच्या खाटेजवळ उभे असताना तिनं तो फोटो शोधून वर्तुळ कधी काढलं, याचाच विचार मी रिक्षात करत होते. रडू आलं नाही.

सुलोचना आत्या, अप्पांची धाकटी बहीण, एके काळी देशाच्या महिला रिले संघातून शंभर-शंभर मीटरच्या टप्प्यांत तिसरी धावायची. दुसरी धावायची सेल्वी. आशियातल्या एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत सेल्वीच्या हातातला बॅटन आत्याच्या हातात ठरलेल्या पट्ट्यात पोहोचला नाही आणि संघ बाद झाला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण ती शर्यत आजही इंटरनेटवर आहे. आत्या सुटते, हात मागं करते, हातात काही येत नाही, आणि समालोचक म्हणतो, तिसरी धावपटू घाई करून गेली. खाली लोकांनी लिहिलेलं मी शाळेत असताना वाचलं होतं. घरी कुणी हा विषय काढत नसे. आमचं घर तंजावरी मराठी, आई मात्र साताऱ्याची, तिनंच मला लिहायला शिकवलं. ती एकदा हळूच म्हणाली, “तुझ्या आत्याला विचारू नकोस हं. खेळामुळं मिळालेल्या नोकरीतली तिची बढती त्यातच गेली.”

मी विचारलं नाही. मी विचारणाऱ्यांतली नाहीच. आत्यानंच सांगितलं, कॉलेजच्या रिलेत माझं नाव चुकून घेतलं गेलं तेव्हा. गच्चीवर तिनं चिकटपट्टीचा एक तुकडा फरशीवर लावला. “ही खूण. मागून येणारी मुलगी या पट्टीवर आली की तू सुटायचं. मागं बघायचं नाही. ती पोचेल की नाही, याची काळजी करायची नाही. ती जितकी वेगात, तितकी खूण लांब. म्हणून तिचे पाय कसे आहेत, ते तुला ठाऊक हवं.” मग पट्टी अंगठ्यानं दाबत म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

सेल्वीची मांडी स्पर्धेआधीच दुखावली होती. प्रशिक्षकांना कळलं असतं तर राखीव मुलगी तिच्या जागी गेली असती. म्हणून दोघींनी आपसांत ठरवून प्राथमिक फेरीत खूण आत्याच्या जवळ आणली. आत्या उशिरा सुटली, बॅटनची देवघेव आखडली, तरी संघ अंतिम फेरीत गेला. प्रशिक्षक आत्यावर ओरडले, “झोपली होतीस का? खूण जुन्या जागी ने!” आत्यानं सेल्वीला बाजूला घेतलं. “सरांना सांग की गं. नाही तर मी काय करू?” सेल्वी म्हणाली, “अय्यो डी, घाबरतेस कशाला गं? गोळी घेतलीय. पाय मस्त आहे. जुनीच ठेव.” आत्यानं पट्टी उचलून जुन्या जागी लावली.

शर्यतीनंतर पत्रकारांनी सेल्वीसमोर माइक धरला. आत्या तिच्या शेजारीच उभी होती. सेल्वी म्हणाली, “सुलू लवकर सुटली.”

“आणि तू काही बोलली नाहीस?” मी विचारलं.

“खूण माझ्या हातानं लावली होती ना! मी बोलले तर ते भांडण. ती बोलली, तर खरं.”

ती बोलेल, याची आत्या वाट बघत राहिली. एवढंच तिला हवं होतं. पदक नको, बढती नको. सेल्वीनं एकदा, चार लोकांत, स्वतःच्या तोंडानं सांगावं. सेल्वी मात्र अधिकारी झाली, मग निवड समितीवर गेली. आत्यानं नोकरी सोडली आणि एन्नोरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. औष्णिक वीजकेंद्राची राख मैदानावर बसते, तिथं ती रोज मुलींना पळवायची आणि घरी येऊन खोकायची. त्या छातीनंच तिला नेलं.

शेवटच्या आठवड्यात सेल्वी हॉस्पिटलमध्ये आली. सफरचंदं आणली होती. मुलीच्या अमेरिकेतल्या घराबद्दल पुष्कळ बोलली. आत्याच्या नाकाला नळी होती. ती ऐकत होती आणि सारखी सेल्वीच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “सेल्वी… आणखी काही सांगायचंय?”

“आणखी काय? लवकर बरी हो आणि घरी ये जेवायला. तुझं ते आंबट-गोड सांबार खाऊन किती वर्षं झाली!”

आत्या हसली. भिंतीकडे वळली. सेल्वी गेल्यावर नर्सला म्हणाली, “ती सफरचंदं तुम्ही घेऊन जा, मा.”

शोकसभेत सेल्वी शेवटी बोलायला उठली. सभागृहात जुने खेळाडू होते, आत्याच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या, पहिल्या रांगेत अप्पा होते. आता बोलेल, असं मला खरंच वाटलं. आता तिचं काय जाणार होतं? सेल्वीनं डोळे पुसले. “सुलू एक पाऊल लवकर सुटली. माणूस आहे, चुकतो. पण आम्ही तिला कधी दोष दिला नाही.” लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी “मोठं मन” असंही म्हणालं. अप्पा आपल्या चपलांकडे बघत बसले.

बाहेर ती माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला. “कण्णा,” ती लाडानं म्हणाली, “तू तिची लाडकी. त्या शर्यतीबद्दल कधी काही बोलायची का?”

“हो. सगळं.”

हात खांद्यावरच राहिला, पण जड झाला. “हं… आजारी माणसं काहीही बोलतात.”

“आजारी नव्हती तेव्हा सांगितलंय.”

तिनं इकडेतिकडे पाहिलं. “आता त्याचा कुणाला उपयोग, सांग बरं?” आणि गाडीकडे गेली. उपयोग नाहीच. तरी मी हे लिहिते आहे. मी लिहिलं म्हणजे ते भांडणच, आत्या म्हणायची तसं. असू दे.

मागच्या आठवड्यात शाळेनं आत्याचं कपाट रिकामं करायला बोलावलं. मैदानावर मुलींचा रिलेचा सराव होता. पट्ट्या लावण्याआधी चौघी गोल करून उभ्या राहिल्या आणि एकेक जण मोठ्यानं आपल्या पायांबद्दल सांगू लागली. आत्यानं घालून दिलेला नियम… प्रत्येकीनं सगळ्यांसमोर बोलल्याशिवाय खूण लावायची नाही. “ठीक.” “ठीक.” तिसरी, दोन वेण्यांची, म्हणाली, “माझी पोटरी धरलीय.”

“काल का नाही बोललीस, एरुमै?” चौथी खेकसली. एरुमै म्हणजे म्हैस, आणि म्हशीएवढी तर ती नव्हतीच. सगळ्या हसल्या, तीसुद्धा.

माझ्या शेजारी उभे असलेले नवे सर घड्याळ बघत होते. “मॅडमची पद्धत. चांगली आहे, पण वेळ फार खाते. स्पर्धा जवळ आलीय, पुढच्या आठवड्यापासून मी बंद करतोय.”

तिकडे चौथी राखेत गुडघे टेकून बसली, नखानं कालची पट्टी सोडवली, आणि पोटरी धरलेल्या मुलीकडे बघत बघत ती जवळ आणून लावली.