नागीण आणि अतिथी विद्वान

"पाह्यलं कोनं?" असं म्हणून काका हनुवटी वर उचलायचे आणि समोरच्याचा दावा तिथेच आडवा व्हायचा. पिंपळावर भूत असो, मिरचीनं उतरलेली दृष्ट असो की कुणाचा मुलगा कलेक्टर होणार असो, सगळ्यांना प्रश्न एकच. तुमच्याही मोहल्ल्यात असा एखादा असेल. बालाघाटात माझ्या वाट्याला तो घरमालक म्हणून आला.

काका भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले. मी किरनापूरकडच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर, कॉलेजात प्राणिशास्त्राचा अतिथी विद्वान. तात्पुरत्या प्राध्यापकाला आमच्या मध्य प्रदेशात हे भारदस्त नाव आहे. त्यातला अतिथी खरा होता. विद्वानाचा प्रचार मीच करत असे. काका मला "प्रोफेसर" म्हणत. ते आदरानं म्हणतात, असं मी बरेच दिवस समजत होतो.

लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, आणि नेमकं तेव्हाच काकांच्या कमरेवर पाण्यानं भरलेले फोड उठले. नुसती आग. काकू म्हणाल्या, ही नागीण. तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो. परसवाड्याला एक झाडणारा आहे, त्याच्याकडे चला. काकांनी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारून गप्प केलं. मग हळूच माझ्या खोलीत येऊन बनियन वर केलं आणि म्हणाले, "तोंडा-शेपटाच्या मधात जागा किती उरली, पाह्य बरं."

मी त्यांना मोटारसायकलवर डॉक्टरकडे नेलं. गोळ्या मिळाल्या, आणि ताकीदही: फोड सुकून खपल्या पडेपर्यंत तान्ह्या बाळाजवळ जायचं नाही. दोनच दिवसांत नात झाली. काकांनी त्या दिवशी कुणाला पुरावा मागितला नाही. अंथरूण उचललं आणि अंगणापलीकडच्या माझ्या खोलीत राहायला आले. खाट त्यांना, चटई मला.

मला हक्काचा विद्यार्थी मिळाला. त्यांना एकाच कुशीवर निजता येई आणि ती कूस माझ्याकडे होती. मी सांगत सुटलो. विषाणू म्हणजे प्रथिनाच्या डबीत घडी घालून ठेवलेला संदेश. कुणाचा डीएनएचा, कुणाचा आरएनएचा. त्याला स्वतः काही शिजवता येत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो, तिचीच साधनं आणि तिचाच माल वापरतो आणि स्वतःच्या नकलांवर नकला काढतो.

"म्हंजे घर दुसऱ्याचं, चूल दुसऱ्याची, अन् खटलं वाढवते आपलं?"

"हौ काका."

"तुह्यापेक्षा बेकार भाडेकरू झाला हा."

मला हसायला जरा वेळ लागला. मग मी पुढचा धडा घेतला. लहानपणी त्यांना माता आली होती, त्या कांजण्यांचाच हा विषाणू. अंगावरचे फोड गेले, पण त्याचा डीएनए पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंमध्ये दडून बसला. इतकी वर्षं नकला न काढता नुसता बसून राहिला. वयानं शरीराचा पहारा ढिला पडला तेव्हा बाहेर आला. आताही तो जाणार नाही, परत तिथेच बसेल. काका एकदम शांत झाले. कॉलेजात मला अशी शांतता कधी मिळाली नव्हती, म्हणून मी खूश झालो.

खपल्या पडल्या. डॉक्टरांनी मोकळीक दिली. काका न्हाऊन, धुतलेला सदरा घालून नातीच्या खोलीपर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थांबले.

"प्रोफेसर, तो गेला तं नाहीच न? कण्यापाशी बसूनच राह्यते म्हनलं होतं तुनं."

"बसलेला आहे, पण काका..."

"मंग मी नाही घेत पोरीले."

डॉक्टरांनी एका वाक्यात सोडलेला माणूस मी आठवडाभराच्या व्याख्यानांनी बांधून ठेवला होता. मी पुष्कळ सारवासारव केली. कोठीतल्या बियाण्याच्या धानाला काही कोंब फुटत नाहीत, तसा हा नुसता साठवलेला आहे. फोड नाहीत तर लागण नाही. काका म्हणाले, एकडाव तर फुटला ना कोंब? माझा इतका तयार विद्यार्थी पुन्हा झाला नाही.

ते रोज दारात उभे राहून, हात पाठीमागे बांधून नातीला पाहायचे. ती रडली की यांचे हात सुटायचे आणि पुन्हा बांधले जायचे. काकू मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या की यापेक्षा नागीण बरी, तिले झाडता तरी येते.

शेवटी एका सकाळी बाळाची आई, ताईच उठली. काकांना दारातल्या खुर्चीवर बसवलं.

"बाबा, या सरांचं शिकवनं संपेपर्यंत पोरगी शाळेत जाईन," असं म्हणून तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं.

काका गेल्या उन्हाळ्यात गेले, हृदयाच्या दुखण्यानं. त्यांची आठवण निघाली की मला ती खुर्चीच दिसते. ताठ बसलेले, कोपर अवघडलेले, आणि आपला श्वास बाळावर पडू नये म्हणून मान पार अंगणाकडे वळवलेली. त्या सकाळी, नागिणीचा विषाणू श्वासातून पसरत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"प्रोफेसर," ते माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "जरासा चूप राह्य."

मी चूप राहिलो. पोरगी झोपून गेली. काका मान वळवलेलीच ठेवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला पाहत होते.