अकरा संदर्भांचा खुलासा

धुळ्याहून माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला तेव्हा मी जळगावला, कॉलेजात परीक्षेच्या सुपरव्हिजनवर होतो. व्हरांड्यात येऊन फोन घेतला.

"सर, जर्नलचा मेल आलाय. रागावू नका हं."

चूक माझी होती, आणि रागावू नका असं ती मला म्हणत होती.

मी कॉर्पोरेट फायनान्स शिकवतो. कंपन्या भांडवल कसं उभारतात, नफा वाटतात की धंद्यातच ठेवतात, हा माझा विषय. ती माझ्याकडे पीएच.डी. करत होती. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, कोरडवाहू शेती, घरातली पहिली पदवीधर. धुळ्याच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. तिथेच कायम जागा निघाली होती, मुलाखत महिन्यावर आली होती. त्याआधी तिचा पेपर स्वीकारला जाणं फार गरजेचं होतं. लहान कंपन्या बँकेकडे न जाता नातेवाइकांकडून भांडवल का घेतात, असा तो पेपर. दोन वर्षं ती त्यासाठी जामनेरपासून शिरपूरपर्यंत एसटीनं हिंडली होती.

संपादकांनी विचारलं होतं, की तुमच्या यादीतले अकरा संदर्भ पाचच लेखकांचे आहेत आणि विषयाशी त्यांचा संबंध दिसत नाही; सात दिवसांत खुलासा करा. पेपरवर मार्गदर्शक म्हणून माझंही नाव होतं, पण पत्रव्यवहार तिच्या नावानं होता. त्या पाचांत एक मी होतो. ते अकराही संदर्भ मीच टाकले होते, तिला न विचारता, पेपर पाठवायच्या आदल्या दिवशी.

"थांब, बघतो," म्हणालो आणि परत वर्गात गेलो. एक मुलगी पुरवणी मागत होती, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

हे सुरू झालं ते असोद्याच्या एका मळ्यात. आमच्याकडे थंडीत भरीत पार्ट्या होतात. काड्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. आम्ही पाच प्राध्यापक होतो, दोन धुळ्याचे, तीन जळगावचे. पदोन्नतीच्या फॉर्मवर आता किती पेपर लिहिले एवढं विचारून थांबत नाहीत. इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, तेही लिहावं लागतं. माझा एकच पेपर खऱ्या अर्थानं माझा होता, कापसाच्या जिनिंगच्या घरगुती कंपन्यांवरचा. नशिराबादपर्यंत मोटारसायकलवर फिरून केलेला. त्याचा उल्लेख दोनदा झाला होता, आणि दोन्ही वेळा मीच केला होता.

धुळ्याचे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, त्यांना आम्ही नाना म्हणतो. ते भाकरी मोडत म्हणाले, "भाऊ, आज तुना वावरमा मी, उद्या मना वावरमा तू. ही ते सावड शे!"

"नाना, पण विषय वेगळे आहेत आपले," मी म्हटलं.

"तूच एकटा हरिश्चंद्र शे का? बठ्ठा करतस. खाय भरीत, थंडं व्हई राह्यनं."

सगळेच करतात म्हटल्यावर सगळे हसले. मीही हसलो. सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात बिनमजुरीनं राबायला, नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे माणसांतून उठतो, आणि मी शेतकऱ्याचाच मुलगा. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे संदर्भ टाकू लागलो. पुढे एकमेकांच्या पेपरवर नावंही. माझा आकडा चढू लागला. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी तो बघत असे.

मेल आला त्या संध्याकाळी नानांना फोन केला. ते गंभीर झाले, अहिराणी सोडून मराठीत बोलू लागले. "पोरीला लिहू द्या ना, नजरचुकीनं झालं म्हणून. ती नवी आहे, तिला माफ करतील. तुम्ही-आम्ही लिहिलं तर पाचही जणांची फाईल उघडेल."

मला ते पटलं. हे लिहायला मला जड जातं, पण पटलं.

चौथ्या दिवशी ती खुलाशाचा मसुदा घेऊन जळगावला आली. बसमध्ये उभ्यानं आली होती. 'अनवधानाने माझ्याकडून' अशी सुरुवात होती. वाचून मी कागद टेबलावर ठेवला.

"पुरेल ना सर एवढं?"

"पुरेल," मी म्हणालो.

मग तिनं पिशवीतून एक गठ्ठा काढला. अकराही पेपरांच्या झेरॉक्स, पेन्सिलीच्या खुणांसह. "मुलाखतीत विचारलं तर वाचलेले असावेत म्हणून वाचले. दहा झाले. तुमच्या एका पेपरात अडले. या तक्त्यात कर्ज वाढलं की लाभांश वाढतो असं दिसतं, आणि खाली निष्कर्ष उलटा आहे. माझंच काहीतरी चुकत असेल."

मी तक्ता पाहिला. तिचं काहीच चुकत नव्हतं. चूक कुठं झाली हे मला सांगता येईना, कारण तो पेपर मी लिहिलाच नव्हता. सावडीत माझं नाव त्यावर पडलं होतं. मी तो आज पहिल्यांदा वाचत होतो, आणि समोर ती वही उघडून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"हा पेपर माझा नाही," मी म्हणालो. "आणि हे अकरा मी टाकलेत. तू काही लिहू नकोस."

तिनं वही मिटली. "मला माहीत होतं सर, तुम्हीच टाकले ते. दुसरं कोण टाकणार? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

तिच्यासमोरच मी संपादकांना मेल लिहिला, तिलाही प्रत ठेवून. चार ओळी लिहायला तास गेला. मग पाठवला. ती "येते सर" म्हणून निघून गेली, चहालाही थांबली नाही.

संपादकांनी पेपर नव्यानं तपासणीला लावला. मुलाखतीपर्यंत निर्णय आला नाही. मुलाखतीच्या दुपारी तिचा फोन आला.

"नाही झालं सर. पेपरचं काय झालं विचारलं त्यांनी."

"तू काय सांगितलंस?"

"खरं तेच. तुमचा मेलही दाखवला."

आता धुळ्यात सगळ्यांना कळणार, नानांचा फोन येणार, माझी फाईल निघणार, हे सगळं भराभर डोक्यात आलं. तिची जागा गेली, हे त्यानंतर आलं.

"सर, ऐकताय ना?" ती विचारत होती.