आयटीआयला गेलेल्या वहिनी

पुतणीचा फरीदाबादहून फोन आला, "काका, आई गेली." सव्वा महिना झाला. सुमनवहिनींविषयी लिहायला बसलो की आधी आठवतो तो मी दिलेला नकार.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. तो गेला तेव्हा वहिनी एकतीस वर्षांच्या, मुलगी चारची. मी दिल्लीत सरकारी कारकून. वहिनींनी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा फॉर्म आणून जामिनाच्या सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. "पोरांमध्ये बसून रेडिओ उघडणार? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो.

"लोक घर चालवणार असतील तर नाही जात, भाऊजी," म्हणाल्या आणि फॉर्म उचलून निघाल्या. सही शेजारच्या सरदारजींनी केली.

पहिल्या दिवशी मास्तर दारातच म्हणाले, "बहनजी, सिलाईवाला कमरा उधर है." वहिनी म्हणाल्या, "टांका ही लगाना है सर, पर इसी कमरे में." सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत त्या दोन वर्षं बसल्या. तारांना टांका लावताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, बोटं पोळायची. आमच्यासमोर पोळ्या लाटताना ती लपवायच्या.

पुढे नोएडात टीव्हीच्या कारखान्यात लागल्या, तर तिथे त्यांना खोकी भरायला बसवलं. आठ महिने! मग एकदा लाइनवरचा माणूस आला नाही, तेव्हा अडलेले सेट वहिनींनी दुपारपर्यंत चालू करून दिले. त्या दिवशी दुरुस्तीचं टेबल मिळालं. ते सांगताना त्या इतक्या हसल्या... तसं हसणं मी पुन्हा पाहिलं नाही. काही वर्षांनी कारखाना बंद पडला. मग घरीच दुरुस्तीची कामं घेऊ लागल्या, आणि साखरेनं डोळे अधू होत गेले. शेवटच्या भेटीत हातात रंगीत पट्ट्यांचा एक बारीकसा रेझिस्टर धरून म्हणाल्या, "भाऊजी, हा पट्टा लाल की केशरी, बघा जरा." मी सांगितलं. तेव्हा तरी म्हणायला हवं होतं, वहिनी, चुकलं माझं... चहा प्यायलो आणि मेट्रो पकडली.

परवा त्यांच्या खोलीत गेलो. टेबलावर शेजारणीचा रेडिओ तसाच होता. त्याला चिठ्ठी बांधलेली, वेड्यावाकड्या अक्षरांत: "तार जोडली आहे. दिसत नव्हती, बोटांनी शोधली. आधी कुणाला तरी दाखवा, मगच प्लग लावा."

रेडिओ घेऊन मी बाजारातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं उघडून पाहिलं. "जोड एकदम मजबूत है. किसने लगाया?"

"हमारी भाभी ने. दो साल की ट्रेनिंग की थी उन्होंने," मी म्हणालो.

हे मी परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होतो.